नरक्याची साल आणि सलाईनची बाटली

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

"माझं वय ३९. नोकरीमुळे पुण्यात असते, माहेर कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्याच्या कडेला. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६६ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमोचे बारा डोस. हातापायांच्या मुंग्या अजून गेल्या नाहीत, शर्टाची बटणं आई लावून देते. आता लिव्हरमध्ये गाठी दिसल्यात. डॉक्टर म्हणतात, इरिनोटेकान नावाचं दुसरं औषध सुरू करू. तेवढ्यात धाकटे काका, तात्या, नरक्याच्या सालीची पिशवी घेऊन आले. ते म्हणतात, हे इंजेक्शन याच झाडापासून करतात, झाड आपल्या रानात असताना विकतचं विष टोचून कशाला घ्यायचं? आबांनी चार दिवस काढा घेतला. जुलाब झाले. तात्या म्हणाले, घाण बाहेर पडतेय. भाऊ आता तात्यांशी बोलत नाही. मी इंटरनेटवर पाहिलं तर तात्यांचं बोलणं खोटं नाही असं दिसतं. आबांना काढाच हवा आहे. काढा आणि इंजेक्शन दोन्ही चालू ठेवलं, आणि डॉक्टरांना उगाच सांगितलं नाही, तर काय बिघडेल? पहिला डोस दहा दिवसांवर आलाय."

आधी त्या दहा दिवसांचं बोलू, झाडाचं मग.

काढा आजच्या आज थांबवा. आणि जिथे आबांची केमो चालू आहे तिथे उद्याच फोन करून सांगा, की नरक्याच्या सालीचा काढा चार दिवस पोटात गेलाय आणि जुलाब झाले होते. एवढं पुरे. बहुतेक ते रक्ताच्या पेशी आणि लिव्हरची तपासणी पुन्हा करायला सांगतील, किडनीचीही सांगतील. जुलाब अजून चालू असतील, ताप असेल किंवा लघवीत लाली दिसत असेल, तर फोनवर थांबू नका, आबांना घेऊनच जा. डॉक्टर रागावतील का? रागावतीलही. दोन मिनिटं ऐकून घ्या. ती दोन मिनिटं चुकवण्यासाठी आबांच्या अंगात काय गेलंय हे त्यांच्यापासून लपवू नका. का, ते पुढे सांगते.

मी कॅन्सरची डॉक्टर नाही. फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे औषध कुठून येतं आणि अंगात जाऊन काय करतं एवढ्यापुरतंच माझं बोलणं धरा. आबांना काय द्यायचं आणि किती, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील.

तुम्ही लिहिता, "तात्यांचं बोलणं खोटं नाही असं दिसतं." खोटं नाहीच. म्हणूनच हे पत्र मला अवघड वाटलं. निव्वळ थाप असती तर चार ओळींत मोडून काढली असती.

नरक्याच्या सालीत, लाकडात, मुळांत कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं चीनमधल्या एका वेगळ्याच झाडात. चिनी लोक त्या झाडाला 'आनंदाचं झाड' म्हणतात. आपण आपल्या झाडाला नरक्या म्हणतो, कुणी घाणेराही म्हणतात, आणि त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातल्या 'फीटिडा'चा अर्थही दुर्गंधीच. एकच द्रव्य दोन झाडांत, आणि नावं अशी! असो. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली त्या द्रव्याची रचना उलगडून जाहीर केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पाच वर्षांनी याच जोडीनं टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या दुसऱ्या द्रव्याची रचना मांडली. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. आज इरिनोटेकान बनवायला जे कच्चं कॅम्पटोथेसिन लागतं ते चिनी झाडातून आणि आपल्या नरक्यातूनही काढतात. आबांना जी बाटली लागणार आहे तिचं मूळ एखाद्या घाटातल्या झाडात असणं अगदी शक्य आहे.

मग तात्या चुकतात कुठे? तर झाड आणि बाटली यांच्यामध्ये तीस वर्षं आहेत. ती तीस वर्षं त्यांच्या हिशोबात नाहीत.

ती वर्षं कशात गेली ते सांगते, कारण तुम्हाला घरी बोलायचंय आणि "डॉक्टर नको म्हणतात" एवढ्यावर आबांचं समाधान होणार नाही.

गायीच्या दाव्याचा पीळ सोडवायचा म्हणून मधूनच दोन पदर ओढले, तर पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी दाव्याला गाठी पडतात. आपल्या पेशीतला डीएनए तसाच पिळाचा. पेशी दुभंगताना त्याचे पदर सुटावे लागतात. तिथे टोपोआयसोमरेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते एक पदर हलकेच कापतं, पीळ फिरून मोकळा होऊ देतं आणि कापलेली टोकं पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं. टोकं जुळत नाहीत. मागून डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा येते, त्या फटीवर आदळते आणि दावंच तुटतं. पेशी मरते. हे १९८५ मध्ये कळलं, म्हणजे द्रव्य सापडल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी.

आता बघा, भराभर दुभंगणाऱ्या पेशी कॅन्सरच्या असतात हे खरं. पण आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं, यांच्या पेशीही भराभर दुभंगतात. या द्रव्याला गाठ कुठली आणि आतडं कुठलं हे कळत नाही. म्हणून तात्यांना एवढं नक्की सांगा, की त्या काढ्यात खरंच कॅम्पटोथेसिन उतरलं असेल तर आबांचे जुलाब म्हणजे घाण बाहेर पडणं नव्हे. ते आतड्याचं अस्तर सोलवटणं असू शकतं. आणि उतरलं नसेल तर ते जुलाब दुसऱ्याच कशाचे, मग औषधाचा प्रश्नच मिटला.

उतरलं असेल का? इथे मला माझी प्रयोगशाळा आठवते. शुद्ध कॅम्पटोथेसिन फिकट पिवळी पूड असते. पाण्यात टाकली की ढवळा, तापवा, तळाशी बसून राहते. पाण्याशी तिचं वाकडंच. हाच पदार्थ योग्य द्रावकात विरघळवून काचपट्टीवर चढवला आणि अंधारात अतिनील दिवा धरला, तर निळा ठिपका असा लखलखतो की पोरं 'वा!' म्हणायची. मग मी त्यांना विचारायचे, हा ठिपका रुग्णाच्या शिरेत कसा घालाल? वर्ग गप्प.

शास्त्रज्ञांपुढेही तोच प्रश्न होता. त्यांनी उपाय काढला. त्या रेणूच्या एका टोकाला एक कडं आहे. अल्कली घालून ते कडं उघडलं की सोडियमचं मीठ तयार होतं आणि ते पाण्यात छान विरघळतं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत हे मीठ माणसांना शिरेतून देऊन पाहिलं. पोटाच्या आणि आतड्याच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या ६१ रुग्णांवरच्या एका चाचणीत दोघांच्या गाठी काही प्रमाणात कमी झाल्या. दोघांच्या. बाकीच्यांच्या वाट्याला उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशी खाली येणं, आणि मूत्राशयातून रक्त. प्रयोग थांबवावे लागले.

कारण पुढे उमगलं आणि मला ते अजूनही थरारक वाटतं. कडं मिटलेलं असेल तरच हे द्रव्य काम करतं, उघडलं की जवळजवळ निकामी. रक्तात ते कडं उघडंच राहायचं, कारण माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उघड्या कड्याच्या रेणूला धरून ठेवतं. (उंदराच्या रक्तात ही ओढ कमी. उंदीर बरे होत आणि माणसं होत नसत, त्यामागे हेही एक कारण होतं.) मग किडनीतून ते लघवीत उतरायचं. लघवी आम्लधर्मी. तिथे कडं पुन्हा मिटायचं आणि औषध जिवंत व्हायचं, नेमकं मूत्राशयात, जिथे गाठ नव्हतीच. म्हणजे गाठीपाशी झोपलेलं आणि लघवीच्या पिशवीत जागं. आबांच्या आतड्यासारख्याच दुखण्याच्या माणसांनी हे सोसलं तेव्हा कुठे कळलं, की कच्चं कॅम्पटोथेसिन जसंच्या तसं माणसाला देण्यासारखं नाही. आजतागायत ते स्वतः औषध म्हणून मान्य झालेलं नाही. मान्य झाली ती त्याच्यापासून घडवलेली पुढची पिढी.

इरिनोटेकान त्यातलंच. जपानच्या याकुल्ट कंपनीनं घडवलं. हो, तीच ती आंबवलेल्या दुधाच्या इवल्या बाटल्यांवाली. १९९४ मध्ये जपानमध्ये आणि १९९६ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आलं. अमेरिकेत ज्या आजारासाठी मान्यता मिळाली तो आबांचाच, पसरलेला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. यात मूळ रेणूला एक शेपूट जोडलंय, त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि कडं न उघडता शिरेत घालता येतं. अंगात गेल्यावर, मुख्यतः लिव्हरमध्ये, ते शेपूट तुटतं आणि त्यातून एसएन-३८ नावाचं खरं कामाचं द्रव्य सुटतं. त्याची धार मूळ इरिनोटेकानच्या शंभर ते हजार पट.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन्ही का नाही?

एसएन-३८ इतकं धारदार, तर शरीर त्याचा निचरा कसा करतं? लिव्हरमधलं यूजीटी१ए१ नावाचं एन्झाइम त्याला एक साखर चिकटवून बोथट करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडून देतं. काहींमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, आपल्याकडेही हे दुर्मीळ नाही. तशा माणसांना इरिनोटेकानचा डोस कमी करून द्यावा लागतो. पुढची गंमत अशी, की आतड्यातले काही जीवाणू ती चिकटवलेली साखर खाऊन टाकतात आणि बोथट केलेलं द्रव्य पुन्हा धारदार होतं. इरिनोटेकानचे ते कुप्रसिद्ध जुलाब बऱ्याच अंशी यातून येतात. (दुधातल्या जीवाणूंवर पैसा कमावणाऱ्या कंपनीच्या औषधाला पोटातल्या जीवाणूंनी गाठावं, याला काय म्हणायचं!)

म्हणजे आबांना मिळणारा डोस हा त्यांची उंची, वजन, लिव्हर, रक्तपेशी बघून मिलिग्रॅममध्ये बसवलेला असतो. इतर औषधांबरोबर देतात तेव्हा सहसा दर चौरस मीटर अंगाला १८० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा, आणि त्यातही कमीजास्त करतात. त्याच्याजवळ तात्यांचा काढा ठेवा. नरक्याच्या एका झाडात हे द्रव्य जितकं असतं त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यात असू शकतं. सालीत वेगळं, मुळात वेगळं. पाण्यात उकळून किती उतरलं, सांगता येत नाही. सोबत त्याच जातीची आणखी दोन-चार द्रव्यं उतरतात, त्यांचं प्रमाणही माहीत नाही. म्हणजे काढा एक तर रिकामा असेल, नाही तर इंजेक्शनच्याच जातीचं विष त्यात असेल आणि ते किती हे कुणालाच ठाऊक नसेल. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या डोसावर असा न मोजलेला डोस चढला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती खाली जातील याचा अंदाज त्यांनी कशावर बांधायचा? आणि पाचव्या दिवशी आबांना जुलाब लागले, तर ते इंजेक्शनचे की काढ्याचे? पुढचा डोस कमी करायचा की तसाच द्यायचा? लपवलेला काढा म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी.

उलटही होऊ शकतं, बरं का. युरोपात उदासीवर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात. ती घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात एसएन-३८ सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरलं, असं एका छोट्या अभ्यासात दिसलं. म्हणजे केमोचा त्रास, खर्च, सगळं पूर्ण आणि औषध साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून नुसता नरक्याच नाही, घरात जे जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. गुळवेल, अर्क, गोळ्या, कुणी दिलेली पुडी, सगळं. शक्य तर पिशवीत घालून न्याच. रोजच्या स्वयंपाकातल्या हळदीची धास्ती घेऊ नका, मी अर्कांबद्दल आणि काढ्यांबद्दल बोलतेय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र तुम्ही गृहीत धरली आहे आणि ती मला खटकली. "आबांना काढाच हवा आहे." खरंच काढा हवा आहे? की इंजेक्शन नको आहे?

बारा डोस घेतलेला माणूस. त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. गावात उभा जन्म स्वतःच्या हातांनी काढला, आणि आता ती बोटं ऐकत नाहीत. त्यात पुन्हा गाठी. असा माणूस "मला आता केमो नको" असं लेकीला तोंडावर म्हणेलच असं नाही. म्हटलं तर तुम्ही रडाल, मुलगा चिडेल. त्यापेक्षा "मला तात्याचा काढा दे" म्हणणं सोपं. त्यात हार मानल्यासारखं वाटत नाही, भावाचं मनही राखलं जातं. माझा अंदाज चुकीचा असेल. पण एकदा तात्या आणि भाऊ दोघंही घरात नसताना आबांजवळ बसा आणि विचारा, "आबा, मागच्या वेळच्या औषधात तुम्हाला सगळ्यात जास्त काय नकोसं झालं?" आणि मग गप्प बसा. ते काय बोलतात त्यावर पुढचं सगळं ठरेल.

मुंग्या म्हणाले, तर सांगा की त्या आधीच्या औषधाच्या, इरिनोटेकानचं मुख्य दुखणं तसं नाही. हे डॉक्टरांकडून आबांसमोर वदवून घ्या. जुलाब, अशक्तपणा म्हणाले, तर डोस कमी करून सुरू करता येईल का, मध्ये विश्रांती घेता येईल का, हे विचारा. आणि "मला आता काहीच नको" म्हणाले, तर तेही ऐकून घ्या. त्यासाठीही आकडे माहीत असावेत. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २७९ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. या सगळ्यांना आधीचं औषध लागू पडेनासं झालं होतं. इरिनोटेकान घेतलेल्यांपैकी वर्षभरानं ३६ टक्के जिवंत होते, नुसता आधाराचा उपचार घेतलेल्यांपैकी १४ टक्के. त्यानंतर उपचार पुढे गेलेत, आता ते एकटं क्वचितच देतात, त्यामुळे हे आकडे आबांना जसेच्या तसे लागू करू नका. पण अंदाज येतो. हे औषध आयुष्य वाढवू शकतं, दुखणं लांबवू शकतं. आजार मुळासकट उपटून टाकेल असं वचन त्यात सहसा नसतं. डॉक्टरांना थेट विचारा, "बरं करण्यासाठी देताय की वेळ वाढवण्यासाठी?" लिव्हरच्या गाठी थोड्याच असतील तर कधी कधी केमोनं आकसून ऑपरेशनही करता येतं, म्हणून हा प्रश्न आधी विचारलेला बरा. आबा निर्णय घेणार असतील तर तो खऱ्या माहितीवर घेऊ देत, पिशवीतल्या सालीवर नको.

केमो नको असं ठरलं तरी डॉक्टर सुटत नाहीत. पॅलिएटिव्ह केअर म्हणून वेगळी ओपीडी असते. वेदना, मळमळ, झोप, भूक यांच्यासाठी. केमो चालू असतानाही तिथे जाता येतं. "आता काही उरलं नाही" म्हणून तिथे पाठवतात हा समज सोडा.

आणि इरिनोटेकान घ्यायचं ठरलं, तर घरच्या तयारीचं सांगते. हे आबांसारख्या इतरांच्याही उपयोगाचं आहे. सलाईन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले तर तिथल्या सिस्टरना लगेच सांगा, त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं. दुसरे जुलाब चोवीस तासांनंतर येतात, बऱ्याचदा पाच-दहा दिवसांनी, तुम्ही पुण्यात आणि आबा गावी असताना. ते थांबवायचं औषध, लोपेरामाइड, कधी आणि किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि गोळ्या पहिल्या डोसाच्या आधीच घरात आणून ठेवा. रात्री दोनला गावात मेडिकल उघडं नसतं. ओआरएसची पाकिटं डब्यात. थर्मामीटर हवाच. १००.४ च्या वर ताप, रात्रभर न थांबणारे जुलाब, पाणीही न टिकणारी उलटी, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय कुठलं, तिथवर न्यायला गाडी कुणाची, हे आधी ठरवा. इथे तात्या कामाला येतील. तुमच्या भावाला तात्यांशी पुन्हा बोलायला हेच निमित्त करा.

पैशाचं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण "विकतचं" या शब्दात ते आहेच. इरिनोटेकान २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. भारतीय कंपन्यांची औषधं मिळतात, कुठली चालतील ते डॉक्टरांना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी येते. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन डोसाच्या तारखेच्या आधीच त्याला गाठा, त्या दिवशी सकाळी नको.

"नवीन, प्रयोगातलं काही" हवंच असेल, तर त्यालाही सरळ वाट आहे. कॅम्पटोथेसिनची नातवंडं आज प्रतिपिंडाच्या, म्हणजे नेमक्या पेशी हेरून त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनाच्या, पाठीवर बसवून थेट गाठीपाशी पोचवतात, काही स्तनांच्या कॅन्सरमध्ये अशी औषधं २०१९ आणि २०२० पासून वापरात आहेत. आतड्याच्या कॅन्सरसाठी आपल्या देशात कुठली चाचणी चालू आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसतं. आबा त्यात बसतात का, हे डॉक्टर सांगतील. तिथे संमतीचा कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात. तात्यांचा काढाही एक प्रयोगच आहे. फक्त त्यात आबांचं वजन, रक्त, डोस कुणी वहीत लिहीत नाही.

तात्यांवर मात्र रागावू नका. थोरल्या भावासाठी काहीतरी आपल्या हातानं करावं म्हणून ते रानात गेले. फक्त एवढं विचारा, की साल झाडाची काढली की झाडच तोडलं? सह्याद्रीत नरक्याच्या चोरट्या तोडीमुळे झाड आधीच विरळ होत चाललंय, आणि रानातून विनापरवाना आणलेला माल सापडला तर वनखात्याचं झेंगट मागे लागेल. आबांच्या आजारपणात घराला ते नको. घरात उरलेली साल पोरांच्या आणि गुरांच्या तोंडी लागणार नाही अशी उंचावर ठेवा.

सगळी नाही, एक तुकडा वगळून. तो कागदात गुंडाळून ओपीडीला जाताना घ्या. आबा आणि तात्या दोघांनाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या टेबलावर तो तुकडा ठेवा आणि म्हणा, "हे आमच्या रानातलं. तुमच्या बाटलीतलं आणि हे एकच ना? मग फरक काय, तो आबांना सांगा."